सांदवाडीतल्या निंदणासाठी खुरपं कसं निवडावं?

बरबटी (दारव्हा)

नमस्कार मंडळी. घरामागं आमची तीन-साडेतीन गुंठ्यांची सांदवाडी आहे. वांगी, मिरची, भेंडी, बरबटी, ढेमसं, कुंपणावर कोहळ्याचा वेल आणि दोन वाफे सांभार (कोथिंबीर) आणि पालकाचे. जमीन भारी काळी. पाऊस लागला की केना, तरोटा, आघाडा सगळं एकदम वर येतं आणि विहिरीकडच्या कोपऱ्यात मोथा ठाण मांडून आहे. डवरा (बैलांचं कोळपं) फिरवण्याएवढी जागा नाही, त्यामुळं सगळं हातानंच.

प्रश्न खुरप्याचा आहे. आठवडी बाजारात ढिगानं मिळतात, रंग दिलेली, चकचकीत. ओलीत ठीक चालतात, पण भुई जरा आवळली की पातं वाकतं, नाहीतर मूठ जागच्या जागी फिरायला लागते. सासूबाईंचं जुनं खुरपं झिजून बोटभर उरलंय, तरी घरात सगळ्यांना तेच हवं असतं. माझं मत असं की दरवर्षी एक स्वस्तातलं घेऊन फेकण्यापेक्षा एकदाच चांगलं घ्यावं आणि ते जपावं. पण चांगलं ओळखायचं कसं? लोखंड कोणतं, पातं किती रुंद, मूठ कशाची? आणि उभ्यानं वापरायचं लांब दांड्याचं काही काळ्या मातीत चालतं का? वापरलेल्यांनी सविस्तर लिहा, ही विनंती.

काळीमाती (अकोट)

ताई, रंगवलेलं घेऊच नका. रंगाखाली काय हाये ते दिसत नाही. गावातल्या लोहाराकडं जा, ट्रकच्या कमानपाट्याचं (स्प्रिंगच्या पट्टीचं) करून घ्या. संपला विषय.

कोरडवाहू (मेहकर)

काळीमाती भाऊ, तुमी पहिल्याच प्रतिसादात धागा संपवून रायले. आमी काय लिवायचं मग?

बाकी पाट्याला माझंही अनुमोदन. आमच्याकडं वखराची झिजलेली पास (जमिनीत चालणारं आडवं पातं) लोहाराला देऊन तिचंच खुरपं करून घेतात. पास मुळातच चांगल्या पोलादाची असते, वर्षानुवर्षं जमिनीत चाललेली असते, त्यामुळं लोखंड कसं निघेल याची धास्ती राहत नाही.

ऐरण (हिंगणघाट)

काळीमाती दादांचं म्हणणं खरं आहे, पण अर्धं. कमानपाटा आणला म्हणून खुरपं चांगलं होतंच असं नाही. त्याला पाणी कसं दिलं, म्हणजे तापवून-विझवून कडक कसं केलं, यावर सगळं आहे. आमच्या घरी तीन पिढ्या भाता चालला, म्हणून जरा खोलात लिहितो.

पाट्याच्या पोलादात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या वर असतो, म्हणून ते कडक करता येतं. स्वस्त खुरपं पत्र्याचं नाहीतर साध्या पट्टीचं असतं. त्यात कार्बन इतका कमी की कितीही लाल करून विझवा, मऊ ते मऊच. पाट्याचं उलट आहे. लाल करून सरळ पाण्याच्या बादलीत बुडवला तर धारेला बारीक चीर जाण्याची भीती. ती तेव्हा दिसत नाही, पहिल्या दगडाला दिसते. म्हणून आम्ही तेलात विझवतो, आणि तेही फक्त धारेकडचा दोन बोटं भाग. मागचा भाग गरमच ठेवायचा. मग धार विटेच्या तुकड्यानं घासून उजळ करायची आणि बघत बसायचं. मागची धग हळूहळू धारेकडं सरकते. उजळ लोखंडावर आधी फिकट पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. तपकिरी दिसला की लगेच पुन्हा थंड करायचं. पिवळ्यावरच थांबलं तर धार ठिसूळ राहून कोर उडतो. निळ्यापर्यंत जाऊ दिलं तर धार लवकर बसते. हा सगळा खेळ काही क्षणांचा असतो. माझे वडील त्या वेळी कुणाशी बोलत नसत.

विकत घेताना तीन गोष्टी तपासा. एक, खिशात लहान कानस न्या आणि धारेवर हलकी फिरवा. मऊ लोखंडाला ती लगेच चावते, पाणी दिलेल्या धारेवर घसरायला बघते. दोन, मान. पातं आणि मुठीत जाणारं शेपूट एकाच तुकड्यातून ओढलेलं हवं, वेल्डिंगनं जोडलेलं नको. खुरप्यावर जोर पडतो तो मानेवर, आणि जोड तिथंच सुटतो. तीन, शेपूट मुठीच्या आरपार जाऊन मागं मुरडलेलं आहे का ते बघा. नुसतं ठोकून बसवलेलं असेल तर उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसतं, शेपूट सैल होतं आणि मूठ फिरते. बरबटी ताईंच्या मुठीचं तेच झालंय.

निंबोळी (वरूड)

ऐरण दादा, छान लिहिलंत. धारेचे रंग मी पहिल्यांदाच असे क्रमानं वाचले.

मला एक वेगळी बाजू मांडायची आहे. निंदण बाया काढतात आणि खुरपं सांगायला जातात पुरुष. लोहारही मूठ स्वतःच्या हाताच्या मापानं करतो. आमच्या संत्र्याच्या बागेत निंदायला येणाऱ्या बाया स्वतःचं खुरपं घरून घेऊन येतात. दुसरीचं हातात द्या, घेत नाहीत. एकदा मी सगळ्यांची खुरपी ओळीनं ठेवून पाहिली. एकही मूठ बाजारातल्यासारखी जाड नव्हती. कुणी कोयत्यानं तासून घेतलेली, कुणी सायकलची ट्यूब गुंडाळलेली. बहुतेक तीन-साडेतीन सेंटिमीटर जाडीच्या, म्हणजे मूठ आवळल्यावर अंगठा तर्जनीच्या टोकावर सहज टेकेल अशा. जाड मुठीनं संध्याकाळपर्यंत मनगट भरून येतं, बारीक मुठीनं तळहातात पेटके येतात.

लांबीही बघा. मूठ तळहाताच्या मधेच संपत असेल तर तिचं टोक रुततं आणि नेमका तिथंच फोड येतो. तळहाताच्या बाहेर बोटभर निघेल एवढी हवी.

म्हणून माझं सांगणं हेच: खुरपं वापरणारीनं स्वतः लोहाराकडं जावं आणि मूठ हातात धरून पाहावी.

काळीमाती (अकोट)

निंबोळी ताई, हे मानलं. आमच्या घरी खुरपी मीच आणतो आन् बायको मंग तासत बसते. आता काऊन ते समजलं.

पुण्यातला_वऱ्हाडी

मी गच्चीवर भाजी लावतो. ऑनलाइन एक मागवलं होतं, घोड्याच्या रिकिबीच्या आकाराचं, लांब दांड्याचं. पातं थोडं हलतं, पुढं ढकललं तरी कापतं आणि मागं ओढलं तरी कापतं. गच्चीवरच्या भुसभुशीत मिश्रणात फार सुरेख चालतं. कंबर वाकवावी लागत नाही. बरबटी ताईंनी तसं घेऊन बघावं.

कोरडवाहू (मेहकर)

भाऊ, तुमची माती पोत्यातून आलेली हाये. आमची माती पायाला धरून घरात येते.

डवरा (आर्वी)

रिकिबीच्या खुरप्याबद्दल माझा अनुभव देतो. भावानं मुंबईहून आणलं होतं. काळ्या मातीत ते दोनदा चालतं: पाऊस उघडल्यावर वाफसा (माती ना चिखल, ना कोरडी) असताना, आणि तण अगदी बारीक असताना. ओल जास्त असली की पात्याच्या पोकळीत माती भरते आणि कापण्याऐवजी लोळवत नेतं. भुई आवळली की पातं वरच्यावर घसरतं, कारण अवजार हलकं, दाब देण्यासारखं वजनच नाही. बरड किंवा वाळूसर जमिनीत मात्र मी तेच घेईन.

ताईंचा प्रश्न उभ्यानं काम करण्याचा असेल तर सायकल डवरा बघा. जुन्या सायकलचं चाक, मागं पास, दोन दांडे. गावोगावचे वेल्डिंगवाले करून देतात. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेनं दोन चाकांचंही कोळपं काढलेलं आहे. ते तोल जास्त धरतं, पण त्याला ओळी रुंद लागतात. अट एकच, पेरणी सरळ ओळीत हवी. भेंडी दीड फुटावर आणि वांगी दोन-अडीच फुटांवर असतील तर मधला पट्टा चालता चालता साफ होतो. खुरपं मग फक्त झाडाच्या बुडाशी लागतं, म्हणजे बसण्याचं काम निम्म्यानं घटतं. दांड्याची उंची कमरेच्या जरा वर ठेवा. वाकून ढकलावं लागलं तर सायकल डवरा घेऊन काही मिळवलं नाही.

वाफसा (अकोला)

कृषी पदवी झाली आहे आणि घरची शेती करतो, त्यामुळं थोडं शास्त्राचं बोलतो. अवजाराइतकीच वेळ महत्त्वाची. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती जास्त. पाणी मिळालं की फुगते, सुकली की आकसून भेगा पडतात. त्यामुळं निंदणाला योग्य ओल फार थोडा काळ टिकते. मातीची मूठ वळा, खांद्याच्या उंचीवरून सोडा. फुटली तर वाफसा आहे, तशीच पडून राहिली तर अजून थांबा. ओलीत निंदलं तर कापलेला केना त्याच ओलीत परत मुळं धरतो. केन्याचं पेर मातीला टेकलं की पुरे, म्हणून तो कापून जागेवर टाकू नका, टोपलीत भरून बाहेर काढा.

दुसरं, खोली. वार्षिक तणांसाठी पातं दोन-तीन सेंटिमीटरच खाली गेलं पाहिजे. मुळाची मान तेवढ्यातच असते. खोल खुरपलं तर खालचं झोपलेलं बी वर येतं, उजेड मिळतो आणि आठवड्यानं नवीन पीक उभं. शिवाय मिरचीची मुळं वरच्यावर पसरतात, ती तुटतात. म्हणून पातं जमिनीला जवळजवळ आडवं धरून सरकवता येईल असा मानेचा बाक हवा. मूठ धरून उकिडवं बसल्यावर पातं आपोआप सपाट टेकलं पाहिजे. टोक खाली रुतत असेल तर बाक जास्त आहे, टाच टेकून टोक अधांतरी राहत असेल तर कमी. लोहाराकडं गेल्यावर तिथंच खाली बसून बघा, लाजू नका.

बरबटी (दारव्हा)

वाफसा दादा, बसून बघायचं हे कधी सुचलंच नव्हतं. आजवर सगळी खुरपी उभ्यानंच घेतली गेली.

पात्याच्या रुंदीबद्दल कुणी बोललं नाही अजून. एकच खुरपं सगळीकडं चालेल, की दोन लागतील?

झाडीपट्टी (साकोली)

दोन ठेवा. आमच्याकडं धानाच्या बांधीत खुरप्याचं काम कमी, तिथं तण हातानं उपटतो किंवा ओळीत रोवणी असली तर कोनो वीडर (ढकलून चालवायचं तण काढायचं अवजार) चालवतो. पण बाडीत भाजीपाला असते, तिथं आई दोन खुरपी वापरते. एक चार बोटं रुंद, ओळीमधल्या मोकळ्या जागेसाठी. दुसरं दोन बोटं रुंद आणि टोकाकडं निमुळतं, सांभार-पालकाच्या वाफ्यात आणि रोपाच्या बुडाशी घालायला. रुंद खुरपं दाट वाफ्यात घातलं की तणासोबत दोन रोपं जातातच.

जमिनीवरही आहे. आमची सिहार जमीन हलकी, तिथं पातळ पातं चालून जाते. मोरांडीत जरा जाड लागते, कन्हारीत तुमच्यासारखंच. बाहेरून कुणी म्हणालं अमुक खुरपं एकदम भारी, तर पहिलं विचारायचं, तुमची जमीन कोणती गा?

तुराटी (उमरखेड)

एवढ्या चर्चेपेक्षा एकदा तणनाशक मारा आणि मोकळे व्हा. मजूर मिळत नाही, मजुरी परवडत नाही, गुडघे कुणाचेच धड नाहीत. शेतात सगळे मारतातच की.

निंबोळी (वरूड)

तुराटी दादा, शेताचा हिशोब वेगळा. मजुराची अडचण मलाही आहे, त्यात खोटं काही नाही. पण सांदवाडीतून आपण सकाळी भेंडी तोडतो आणि दुपारी खातो. तिथं वीस प्रकारची झाडं हातभर अंतरावर असतात. कोणतं औषध कुणाला वाचवणार आणि कुणाला मारणार?

वाफसा (अकोला)

निंबोळी ताईंशी सहमत. ग्लायफोसेट निवडक नाही, हिरव्या पानावर पडलं की तण आणि वांगं त्याला सारखंच. टू-फोर-डी रुंद पानांच्या झाडांवर जातं, म्हणजे तुमच्या जवळजवळ सगळ्या भाज्यांवर. ते मारलेला पंप नीट न धुता कपाशीवर वापरला तर पानं आकसून लांबट होतात, हे आपल्याकडं पुष्कळांनी पाहिलंय. पॅराक्वाट पोटात गेलं तर त्याला उतारा नाही. घरामागं, लेकरं खेळतात तिथं ती बाटली ठेवूच नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन माणसं गेली. ती कीटकनाशकं होती, तणनाशकं नव्हती, पण पाठीवरचा पंप आणि उघडं तोंड तेच होतं.

तुराटी (उमरखेड)

बरं, सांदवाडीपुरतं मान्य. त्या वर्षी आमच्या ओळखीतलाही एक जण दवाखान्यात होता, तो विषय हलका नाही. पण मग मोथ्याचं काय करता ते सांगा. खुरप्यानं मोथा जात नाही. कापला की चार दिवसांत परत वर.

मोहफूल (कुरखेडा)

मोथा कापायचा नसतो, खणायचा असतो. खाली गाठी असतात, एकीला दुसरी धाग्यानं जोडलेली. वरचा कोंब कापला की खालची दुसरी गाठ जागी होते. निमुळतं, जाड, लांब पातं घ्या, नाहीतर सरळ लहान सब्बल (पहार). वीतभर खोल घालून माती उचला, गाठी वेचून बाहेर काढा. बहुतेक गाठी वरच्या वीतभरातच असतात.

खरा इलाज वैशाखात आहे. तो कोपरा रिकामा ठेवा, टिकासानं खणून ढेकळं उलटी टाका आणि आपल्या उन्हात तापू द्या. गाठ वाळली की मेली. मधे पाणी मात्र लागू देऊ नका. हराळीच्या कांड्यांनाही हेच औषध. पावसाळ्यात जे उरेल ते दर पंधरा-वीस दिवसांनी काढत राहायचं, गाठीतला साठा संपेपर्यंत. एका वर्षात संपत नाही, पण दरवर्षी कमी होतो. आमचा विहिरीकाठ असाच साफ झाला.

काळीमाती (अकोट)

मोथ्याची मुळं वाळवून ठेवजा ताई, औषधी दुकानात नागरमोथा म्हणून पैसे देऊन घेतात लोक.

बरबटी (दारव्हा)

मग तर आमच्या विहिरीकडं सोनंच पुरलंय म्हणायचं. या कोपऱ्यात कुणाला खणायला यायचं असेल तर चहा-पोहे माझ्याकडं.

परिचारिका (घाटंजी)

गुडघ्यांचा विषय निघालाच आहे तर थोडं. पावसाळ्यात गुडघे आणि कंबर धरलेल्या बाया दवाखान्यात नेहमीच्या. एकाच बैठकीत दुपारपर्यंत निंदू नका. थोड्या वेळानं उठा, चाला, दुसरं काम करा, परत बसा. उकिडवं बसण्याऐवजी चार बोटं उंचीचा पाट ढुंगणाखाली घेतला तरी गुडघ्यावरचा ताण खूप कमी होतो. पाटाला मागून दोरी बांधून कमरेला अडकवली की उठताना सोबत उचलला जातो. गुडघा टेकून काम करायची सवय असेल तर जुन्या गादीचा तुकडा पोत्यात शिवून घ्या.

खुरपं नवीन, धारदार घेणार असाल तर धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं असू द्या. बहुतेक जखमा डाव्या हाताच्या बोटांना होतात, कारण तण डाव्या हातानं धरलेलं असतं आणि पातं तिकडंच येत असतं. डाव्या हातात जाड हातमोजा घालावा. गाजर गवत असेल तर घालाच, त्यानं अंगावर खाज आणि पुरळ उठतं. ते फुलावर यायच्या आधी उपटावं.

आणि दाट गवतात सरळ हात घालू नका. आधी काठीनं हलवा. विंचू असतात, घोणस असते. साप चावला तर बांधाबांधी, कापाकापी, झाडपाला काही नको. चावलेला हात-पाय हलू न देता गाडीवर घालून सरकारी दवाखाना गाठा. प्रतिसर्पविष तिथं मिळतं.

कोरडवाहू (मेहकर)

ताईंचा प्रतिसाद छापून गोठ्यात लावतो. पाटाला दोरी बांधायची युक्ती आईला सांगितली, तिनं लगेच करायला लावली.

आमच्या शिवारात निंदणाची चिंताच नाही म्हणा, रानडुकरं रात्रीतून सगळं करून जातात. पीकही ठेवत नाहीत, तणही ठेवत नाहीत.

पुण्यातला_वऱ्हाडी

माझ्या रिकिबीच्या खुरप्याचं एवढं ऑपरेशन झालं, तरी धागा आवडीनं वाचतोय. एक विचारतो: तुम्ही तरोटा, केना फेकून देता? इथं भाजी बाजारात तरोट्याची जुडी दिसली की मी धावत जाऊन घेतो.

बरबटी (दारव्हा)

फेकतं कोण! पहिल्या पावसानंतरचा कोवळा तरोटा आम्ही खुडूनच आणतो. उकडून, पिळून, भिजवलेली चणाडाळ आणि भरपूर लसूण. केन्याच्या पानांची भजी होतात. घोळीची भाजी तर मी मुद्दाम ठेवते, वांग्याच्या ओळीत ती भुई झाकते आणि आठवड्यात एकदा वरणात जाते. सासूबाई निंदताना दोन टोपल्या ठेवतात, एक बैलांची आणि एक आमची. तरोटा मात्र शेंगेवर येऊ देऊ नये, नाहीतर पुढच्या वर्षी वाफा त्याचाच.

निंबोळी (वरूड)

घोळीबद्दल माझं जरा वेगळं मत. ओळीत ठेवली की मिरचीच्या लहान रोपांना दाबते. रोपं गुडघाभर होईपर्यंत मी ठेवत नाही.

झाडीपट्टी (साकोली)

भुई झाकायचीच असेल तर आमच्याकडं तणस (धानाचा पेंढा) पसरतात. तुमच्याकडं सोयाबीनचं कुटार (भुसा) असेल. एकदा नीट निंदून घ्या, मग चार बोटं थर द्या, खोडापासून जरा दूर. उजेड मिळाला नाही की बारीक तण उगवतच नाही. मोथा मात्र त्यातूनही डोकं काढते. कुटारात उधळी (वाळवी) लागते का ते तेवढं बघत जा.

डवरा (आर्वी)

धार लावण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. चांगलं खुरपंही बोथट असेल तर तण कापत नाही, उपटायला बघतं, आणि माणूस जोर लावून थकतो. मी रोज काम सुरू करायच्या आधी कानशीचे चार-सहा हात मारतो. धार एकाच बाजूनं, जशी लोहारानं काढून दिली तशीच. दोन्हीकडून घासलं तर पातं जमिनीत सपाट सरकत नाही.

ऐरण (हिंगणघाट)

डवरा भाऊंना दुजोरा. त्यात एक भर: वेल्डिंगच्या दुकानात ग्रायंडरवर धार लावू नका. चक्राच्या घर्षणानं धार एका क्षणात निळी पडते, आणि निळी पडली म्हणजे मी वर लिहिलेली सगळी मेहनत वाया. हातकानस किंवा पाण्याचा दगड, एवढंच. पातं झिजून धारेचा कडक भाग संपला की लोहाराकडून परत पाजवून घ्यायचं. पाट्याचं खुरपं असं दोन-तीनदा पाजवता येतं.

पावसाळा संपला की माती खरवडून, पुसून, पात्याला तेल लावून ठेवा, जळकं इंजिन ऑइलही चालतं. मुठीला मात्र जवसाचं तेल लावा. ते लाकडात मुरतं आणि वाळून आत धरतं, त्यामुळं ओलीत लाकूड फुगत नाही. गोडंतेल लावलं तर नुसतं चिकट होतं. मुठीसाठी धावडा किंवा तिवस मिळाला तर उत्तम, बाभळीची चांगली वाळलेली फांदीही पुष्कळ टिकते. सागवान हलकं असतं, कापायला सोपं म्हणून सुतार तेच देतो, पण मारा सोसत नाही. तोंडाशी लोखंडी शेंबी (कडी) हवीच, नाहीतर शेपूट ठोकतानाच लाकूड चिरतं.

काळीमाती (अकोट)

वजन किती ठेवायचं यावर माझं मत मांडतो. काळ्या रानात खुरपं जड पाहिजे. हलकं खुरपं उडते, जडाले स्वतःचा दाब असते.

निंबोळी (वरूड)

इथं मी असहमत. दिवसभरात ते शेकडो वेळा उचलायचं असतं. धार असली तर वजनाची गरज नाही. जड खुरपं एखादा तास बरं वाटतं, मग मनगट सांगायला लागतं.

ऐरण (हिंगणघाट)

दोघांचंही होईल असं सांगतो. पातं मानेजवळ जाड आणि धारेकडं पातळ होत गेलेलं करून घ्या. वजन मुठीजवळ राहतं, हाताला जड लागत नाही, आणि मान मजबूत राहते. सपाट एकाच जाडीचं पातं हे पत्रा कापून केल्याचं लक्षण.

बरबटी (दारव्हा)

मंडळी, सगळ्यांचे आभार. कालच्या बाजाराच्या दिवशी सासूबाईंना घेऊन लोहाराकडं जाऊन आले. दोन खुरपी सांगितली: एक चार बोटांचं, एक दोन बोटांचं निमुळतं. दोन्ही पाट्याची, मान एकसंध, शेपूट आरपार. सासूबाई तिथंच खाली बसल्या आणि लोहाराकडून मानेचा बाक दोनदा बदलून घेतला. त्यानं आधी कपाळाला आठ्या घातल्या, पण मग स्वतःच म्हणाला, बाई बरोबर सांगून रायली. विहिरीचा कोपरा वैशाखापर्यंत रिकामा ठेवणार. सायकल डवऱ्याचं पुढच्या वर्षी, भेंडी ओळीत लावल्यावर.

एकच राहिलं. माझी मुलगी डावखुरी आहे आणि तिला वाफ्यात काम करायची फार हौस. तिला वेगळं खुरपं लागेल का?

ऐरण (हिंगणघाट)

बाकदार खुरपं असेल तर लागेल. बाक आणि धार दोन्ही उजव्या हाताच्या हिशोबानं काढलेली असतात, डाव्या हातात ते उलटं पडतं आणि पातं जमिनीतून वर सटकतं. लोहाराला डावं खुरपं म्हणून सांगा, आणि मुलीला सोबत न्या. सरळ तोंडाचं, समोर धार असलेलं निमुळतं खुरपं मात्र दोन्ही हातांना चालतं, फक्त तिच्या हाताच्या मापाची बारीक मूठ करून घ्या.

काळीमाती (अकोट)

आन् ताई, हे काम दिवाळीनंतर लगेच उरकून घेजा. उन्हाळा सरता सरता सगळ्यांचे वखर-डवरे लोहाराच्या दारात येऊन पडतात, मंग खुरप्याले कोणी इचारत नाही.